भोंगा थांबल्यावर: निवृत्तीनंतरचा दिवस आणि त्याला पुरणारा पैसा

ईपीएस-95 पेन्शनची, म्हणजे खाजगी नोकरीतल्या माणसाला मिळणाऱ्या पेन्शनची, बातमी पेपरात आली की आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर त्या दिवशी दुसरा विषय निघत नाही. किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. ती 7,500 करा, ही मागणी वर्षानुवर्षं सुरू आहे. कुणाच्या मोबाइलवर ‘मंजूर झाली’ असा मेसेज आलेला असतो, कुणी तो खोटा असल्याचं सांगतं, आणि चहा संपला तरी वाद संपत नाही.

गेल्या उन्हाळ्यात असाच वाद चालू असताना अण्णा कट्ट्यावरून उठून माझ्या दारात आले. अण्णा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो माणूस. साठी पूर्ण करून घरी बसल्याला सहा महिने झाले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिला दोन रबरबँड, आत पासबुक आणि पासबुकाच्या पानांत तीन वेगवेगळ्या एजंटांची कार्डं. मी बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे गल्लीतल्या अशा पिशव्या माझ्याकडेच येतात. मला वाटलं, कुठं गुंतवू असं विचारतील. पण पिशवी न सोडताच ते म्हणाले, “म्याडम, पैशाचं बघू की ओ. आधी सकाळी उठून करायचं काय, ते सांगा.”

मला त्यांचा क्रम बरोबर वाटला. आपण बहुतेक जण उलटं करतो. आधी पैसे कुठंतरी अडकवतो, मग उरलेल्या पैशांत दिवस कसाबसा बसवतो. दिवस कसा जाणार हे ठरल्याशिवाय महिन्याला किती लागणार हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कुठल्याही योजनेचा व्याजदर ऐकून काही उपयोग नाही.

हातात नेमकं काय येतं?

खाजगी नोकरीतल्या माणसाला निवृत्तीच्या वेळी तीन गोष्टी मिळतात, आणि लोक त्या तिन्हींना मिळून ‘फंड’ म्हणतात. तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिली, भविष्यनिर्वाह निधी म्हणजे पीएफ. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून 12 टक्के कापले जातात आणि मालकही 12 टक्के भरतो. पण मालकाचा सगळा भाग तुमच्या पीएफमध्ये जात नाही. त्या 12 मधले 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात, तेही 15,000 रुपयांच्या पगाराच्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये.

दुसरी, ग्रॅच्युइटी. महिन्याचा शेवटचा पगार भागिले 26, म्हणजे एका दिवसाची मजुरी. ती गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. अण्णांचा मूळ पगार आणि भत्ता मिळून 26,000 होता. दिवसाचे 1,000 झाले, पंधरा दिवसांचे 15,000, आणि 32 वर्षांचे 4 लाख 80 हजार. हे गणित वहीच्या मागच्या पानावर कुणालाही करता येतं. ते स्वतः करून पाहिल्याशिवाय हिशेबाच्या कागदावर सही करू नका.

तिसरी म्हणजे हीच ती कट्ट्यावरची ईपीएस पेन्शन. तिचं सूत्र असं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार कितीही असला तरी साधारणपणे 15,000 च्या वर धरत नाहीत. शिवाय सप्टेंबर 2014 च्या आधीची मर्यादा 6,500 होती, त्यामुळे त्या वर्षांचा हिस्सा आणखी लहान. म्हणून तीस-तीस वर्षं घाम गाळलेल्या माणसाच्या हातात चार-साडेचार हजार पडतात आणि तो पेन्शनच्या कागदाकडे बघतच राहतो. अण्णांना 4,200 येतात. कुणी फसवलं म्हणून ती कमी नाही, सूत्रच तसं आहे. मागणी न्याय्य आहे असं मला मनापासून वाटतं, पण घरचा हिशेब आज मिळतात तेवढ्या पैशांवरच मांडायला हवा.

सरकारी नोकरांचं वेगळं. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. नंतरच्यांच्या नव्या योजनेवरून मार्च 2023 मध्ये राज्यभर संपही झाला. त्यांचं गणित स्वतंत्र लेखाचं आहे. पण पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

गठ्ठा मोठा दिसतो, तो का फसवतो?

अण्णांच्या पीएफचे 19 लाख 20 हजार आणि ग्रॅच्युइटीचे 4 लाख 80 हजार, मिळून 24 लाख. आयुष्यभर ज्या माणसाने महिन्याचा पगार वीस तारखेपर्यंत पुरवला, त्याच्या पासबुकात एका ओळीत एवढा आकडा उमटला. घरात सगळ्यांची नजर त्या ओळीवर.

अशा वेळी मी एकच मोजमाप सांगते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के दराने एक लाख ठेवले तर वर्षाला 8,200 येतात, म्हणजे महिन्याला 683 रुपये. म्हणजे एक लाख रुपये हा तुमचा महिन्याचा 683 रुपये पगार आहे. त्यापुढे कुठलाही खर्च याच मापाने मोजायचा. लग्नाला दहा लाख म्हणजे दर महिन्याचे 6,830 रुपये कायमचे कमी. घरावर एक खोली चढवायला चार लाख म्हणजे महिन्याचे 2,732 गेले. अण्णांनी हे ऐकलं आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मला चोवीस लाख मिळालेलेच नाहीत. सोळा हजारांची नोकरी मिळाली.” मी चाळीस वर्षांत इतक्या नेमक्या शब्दांत हे कुणाला सांगू शकले नव्हते.

पण सकाळी उठून करायचं काय?

सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा अख्खं गाव भोंग्यावर चालायचं. पहिला भोंगा झाला की चुली पेटायच्या, दुसऱ्याला पुरुषमाणसं भाकरीचं फडकं घेऊन बाहेर पडायची. माझे वडील गिरणीत होते. ते निवृत्त झाले तरी कितीतरी दिवस पहाटे उठून, अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचे. जायचं कुठंच नव्हतं. आई आतून म्हणायची, “टोपी तरी काढा.” ते काढायचे नाहीत.

तेव्हा मला ते हट्टी वाटायचे. आता कळतं की नोकरी पगाराबरोबर आणखी काहीतरी देत होती आणि त्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता. उठायला वेळ, बोलायला माणसं, हाताला ओळखीचं काम. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणीतरी आपली वाट बघत असणं. तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल, हा आधार माणसाला उभा ठेवतो. छंद चांगलाच, पण छंद चुकला तर कुणी विचारत नाही. म्हणून ‘वेळ घालवायला काय करू’ असं विचारू नका. ‘माझी वाट कोण बघेल’ असं विचारा.

अण्णांनी आधी सगळे करतात तेच केलं. सिद्धेश्वर तळ्याकाठी सकाळच्या चकरा, संध्याकाळी भजन. दोन महिन्यांत म्हणाले, “तळ्याला किती चकरा मारू ओ? तळं काय माझी वाट बघतंय व्हय?” मग एके दिवशी शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागाच्या शेडमधून बोलावणं आलं. सहा माग, आणि हाताखाली दोन पोरं, दोघंही नवखी. अण्णा दारातच थांबले. एक माग चालत होता, त्याचा आवाज ऐकला आणि माग बंद न करता म्हणाले, “पिकर झिजलाय याचा.” पिकर म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा भाग. पोरांनी माग थांबवून पाहिला तर खरंच झिजलेला. त्यातलं थोरलं पोर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला अण्णांच्या दारात उभं होतं. आता ते आठवड्यातून चार दिवस, नऊ ते बारा, तिथं जातात. महिन्याला 4,000 रुपये मिळतात. या चार हजारांकडे पुन्हा यायचंय, ते लक्षात असू द्या.

प्रत्येकाच्या हातात माग नसतो हे खरं. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका महापालिकेच्या शाळेतल्या चार मुलींना रोज तासभर गणित शिकवतात; फी घेत नाहीत, पण उशीर झाला तर मुली घरी येऊन थडकतात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, 68 लिंगांना प्रदक्षिणा घालतात. त्याआधी कित्येक आठवडे नंदीध्वज पेलायचा सराव चालतो, तेव्हा तरुण पोरांना तोल कसा सावरायचा हे सांगायला म्हातारी माणसंच लागतात. ते वर्षातून एकदाचं काम आहे, आणि वर्षाला असं एक हवंच. पण रोजचं आणि आठवड्याचं काही नसेल तर जानेवारीनंतरचे अकरा महिने फार लांब वाटतात.

नोकरीची दोन वर्षं राहिली असतील तर एक करून बघा. पंधरा दिवसांची रजा काढा आणि कुठंही न जाता घरी राहा, निवृत्त झाल्यासारखे. पाचव्या-सहाव्या दिवशी काय टोचतं ते लिहून ठेवा. कुठल्याही सल्लागारापेक्षा ते पान जास्त कामाचं आहे.

“आम्ही पुण्याला मुलाकडेच जाणार”

सोलापूरच्या निम्म्या घरांत हेच उत्तर मिळतं. नातवंड झालं, आई-बाबा पुण्याला गेले. हा हेतू खोटा नाही. नातवाइतकी वाट कोण बघणार? पण नातू तीन-चार वर्षांत शाळेत जातो, आणि मग अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन माणसं दिवसभर दार बंद करून बसतात. ओळखीचा भाजीवाला नाही, ‘काय ओ, कुठं चाललाव’ म्हणणारं कुणी नाही. जा, अवश्य जा. पण इथलं घर विकून जाऊ नका. आधी तीन-तीन महिने राहून बघा. आणि खर्चाचे आकडे दोन्हीकडचे वेगळे मांडा. स्वतःचं घर असलेल्या जोडप्याला सोलापुरात जे 19,000 पुरतात ते पुण्यात पुरत नाहीत.

डबा, कणगी आणि बियाणं

आता पैसे. यासाठी गुंतवणुकीच्या पुस्तकांत मोठमोठी नावं आहेत, पण ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला ती लागत नाहीत. आपल्या घरात धान्य तीन जागी असायचं. रोजच्या भाकरीचं पीठ डब्यात. वर्षभराची ज्वारी कणगीत, कडुनिंबाचा पाला घालून. आणि पुढच्या पेरणीचं बियाणं वेगळं, वर टांगलेलं. कितीही ओढ लागली तरी त्याला हात लावायचा नाही. पैशाचंही तसंच.

डबा म्हणजे बचत खातं आणि कधीही मोडता येईल अशी छोटी मुदत ठेव. अचानक येणारं आजारपण, गळकं छत, प्रवास, सगळं यातून. अण्णांनी 2 लाख ठेवले.

कणगी म्हणजे दर तिमाहीला ठरलेलं उत्पन्न देणारा भाग. यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती ज्येष्ठ नागरिक बचत योजना. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडतं, पैशाला सरकारची हमी असते. वय 60 पूर्ण हवं. निवृत्तीच्या पैशांतून 55 नंतरही काही अटींवर उघडता येतं. कमाल मर्यादा 30 लाख, मुदत पाच वर्षं, पुढे आणखी तीन वर्षं वाढवता येते. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी जमा होतं. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण तुम्ही पैसे भरता त्या दिवशीचा दर पाच वर्षं तुमच्यासाठी पक्का. एप्रिल 2023 पासून तो 8.2 टक्के राहिला. त्याआधी 2020 ते 2022 या काळात 7.4 टक्के होता. म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी उत्पन्न कमी होऊ शकतं, हे गृहीत धरा. दर महिन्याला व्याज हवं असेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे. एकट्याच्या नावावर 9 लाख, जोडखात्यावर 15 लाखांपर्यंत.

अण्णांनी कणगीत 17 लाख ठेवले. वर्षाला 1,39,400, तिमाहीला 34,850, म्हणजे महिन्याला साधारण 11,600. त्यात पेन्शनचे 4,200 मिळवले की 15,800. खर्च 19,000. तूट सुमारे 3,200.

आणि शेडमधून येतात 4,000.

दिवस आणि पैसा एकत्र मांडायचे ते यासाठी. महिन्याला 4,000 मिळवायला बचत योजनेत जवळपास सहा लाख रुपये ठेवावे लागतात. अण्णांच्या हाताने ती सहा लाखांची गुंतवणूक केली, आणि वर सकाळी साडेआठला दारात एक पोर उभं केलं. हात चालेनासे झाले की ही तूट डब्यातून आणि पुढे बियाण्यातून भरावी लागेल. पण त्या वेळेपर्यंत गठ्ठा कुरतडला गेलेला नसेल.

“बियाणं कशाला? सगळंच कणगीत ठेवा की”

असं बहुतेक जण म्हणतात, आणि याचं उत्तर महागाईत आहे. 72 ला महागाईच्या दराने भागा. तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. सहा टक्के महागाई असेल तर बारा वर्षं. आज 19,000 लागणाऱ्या घराला बहात्तराव्या वर्षी 38,000 लागतील. कणगीतून मात्र तेवढेच 11,600 येत राहतील. भारतात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी अठरा वर्षं जगतो, आणि सरासरी म्हणजे अनेक जण त्याहून बरेच जास्त जगतात. पंचाऐंशी-नव्वदचा हिशेब धरूनच चाला. लवकर गेलो तर पैसे मागे उरतील, त्याने कुणाचं बिघडत नाही.

म्हणून अण्णांनी उरलेले 5 लाख बियाण्याला ठेवले: दहा-बारा वर्षं हात न लावता, शेअर बाजाराशी जोडलेल्या म्युच्युअल फंडात. एका दिवशी सगळे भरले नाहीत, दर महिन्याला थोडे थोडे. भीती वाटणं साहजिक आहे. 2008 मध्ये सेन्सेक्स एका वर्षात निम्म्याहून खाली आला होता. असं पुन्हा होऊ शकतं, आणि त्या वर्षी तुम्हाला त्या पैशांची गरज असेल तर नुकसान खरंच होईल. पण गरज पडली तर डबा आणि कणगी आहे. बियाणं पाऊस येईपर्यंत थांबू शकतं. ज्यांना हे ऐकूनच झोप लागणार नाही त्यांनी बाजारात जाऊ नये. त्यांनी खर्च थोडा आवळून व्याजातला काही भाग पुन्हा मुदत ठेवीत टाकत राहावा. वाढ कमी होईल, पण झोप लागेल, आणि या वयात तीही मोजायची गोष्ट आहे.

“पतसंस्था दोन टक्के जास्त देते”

इथं मला थोडं स्वतःचं सांगावं लागेल. वडिलांना निवृत्तीचे जे मिळाले त्यातले अडीच लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. मी बँकेत असून ठेवले. तिथला माणूस घरी येऊन चहा पिऊन जायचा, आणि दर बँकेपेक्षा जास्त होता. तीन वर्षांनी एका सकाळी शटर बंद. त्या पैशांतले फार थोडे परत आले, तेही वडील गेल्यानंतर. शेवटची काही वर्षं ते दर आठवड्याला त्या बंद शटरसमोर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे.

बँकेतल्या ठेवींना विमा असतो. एका बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंतचे पैसे बँक बुडाली तरी मिळतात. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे, त्याआधी 1 लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पण पतसंस्थेला नाही, आणि मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही, तिच्या पाटीवर कितीही मोठं नाव असलं तरी. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. चांगल्या चाललेल्याही पाहिल्या आहेत. पण ज्याला पुन्हा कमवायला बत्तीस वर्षं मिळणार नाहीत त्याने निवृत्तीचा पैसा तिथं ठेवू नये. अण्णांच्या पासबुकातल्या तीन कार्डांपैकी दोन अशीच होती.

फोनवरून येणारी माणसं हा नवा धोका. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पैसे गेले तर तासभरही न दवडता 1930 वर फोन करा.

“शेवटी मुलांनाच द्यायचं ना?”

द्या, पण मृत्युपत्राने द्या. त्याला स्टँप पेपर लागत नाही, तुमची आणि दोन साक्षीदारांची सही पुरते. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. वारसनोंद म्हणजे नॉमिनी लावला की झालं, असं समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. मालक कोण हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

घर जिवंतपणी नावावर करून देण्याचा आग्रह झाला तर बक्षीसपत्रात ‘आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे वाक्य लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात तरतूद आहे की अशी अट घालून दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मिळवता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणापुढे करायचा, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आपल्या मुलांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं म्हणून लोक हे वाक्य टाळतात. मला तर वाटतं, सगळे हसतखेळत असतात तेव्हाच ते लिहून घेणं सोपं असतं.

दवाखाना

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. ऑक्टोबर 2024 पासून. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दोन्ही ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच चालतात. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या तपासण्या तुमच्या खिशातून. म्हणून महिन्याच्या खर्चात औषधांची ओळ वेगळी लिहा आणि ती दरवर्षी वाढवा. साठ ते सत्तर ही मधली दहा वर्षं जरा उघडी पडतात. जमत असेल तर विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावाने घ्या, कारण कंपनीचा विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो.

कराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अण्णांएवढ्या उत्पन्नावर तो लागत नाही. बँकेने व्याजातून कर कापू नये म्हणून दर एप्रिलला तसा फॉर्म भरून द्यायचा, एवढंच. आणि पेन्शनसाठी हयातीचा दाखला, जो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

“आमच्याकडे गठ्ठाच नाही”

हे सगळं वाचून विडी वळणारी बाई विचारेल, मला काय? पूर्व भागातल्या हजारो बायकांची पाठ विड्या वळता वळता वाकली. विडी कामगारांना पीएफचा कायदा लागू आहे आणि त्यातून पेन्शनही आहे, पण अनेकींची नावं, जन्मतारखा, खाते क्रमांक जुळत नाहीत आणि दावा अडकून राहतो. आधार, पीएफ आणि बँक, तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का, हे काम चालू असतानाच बघून घ्या. साठीनंतर त्या दुरुस्तीला फार चपला झिजतात. ज्यांना काहीच नाही आणि वय 65 आहे, त्या गरीब कुटुंबातल्या ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. एवढ्यात भागत नाही, हे मलाही दिसतं. पण हक्काचे आहेत, सोडू नका.

एसटी मात्र सगळ्यांना सारखी. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, 75 च्या पुढे मोफत. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. आमच्या गल्लीतल्या चार आज्या दर महिन्याला कुठं ना कुठं जातातच, आणि एक जण आली नाही तर बाकीच्या तिच्या घरी जाऊन चौकशी करतात.

आणि घरातली दुसरी व्यक्ती?

अण्णा निवृत्त झाले, अक्का झाल्या नाहीत. त्यांचा दिवस आधी होता तसाच पाचला सुरू होतो, आणि त्यात दिवसभर घरात बसलेला एक माणूस वाढला. पहिल्या महिन्यात अण्णांनी स्वयंपाकघरातले डबे नीट लावून दिले. अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं ज्या घरात एका बाईचं राज्य होतं तिथं नवा मुकादम आल्यावर दुसरं काय होणार? म्हणून दिवस आखताना दोघांचा आखावा, आणि तिलाही आठवड्यातला एक अर्धा दिवस सुट्टी असावी, पूर्ण सुट्टी, ‘चहा तेवढा करून जा’ सुद्धा नको.

पैशातही तेच. बायको बहुधा वयाने लहान असते आणि जास्त जगते. नवऱ्यामागे ईपीएसची पेन्शन साधारण निम्मी होते. म्हणजे हिशेब शेवटी तिलाच, एकटीला, कमी पैशांत सांभाळायचा असतो, आणि तिला पासबुक कुठं आहे हेही ठाऊक नसतं. बचत योजनेचं खातं नवरा-बायकोला जोडीने उघडता येतं. ते तसंच उघडा, आणि भरायच्या दिवशी तिला बरोबर न्या.

अक्कांना मी तीन रविवार बसवून वही आखून दिली. डबा, कणगी, बियाणं, तीन पानं. पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, “मला हे जमायचं न्हाय ओ.” तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या बेरजेतली चूक काढली. जुलैमध्ये दोघं मिळून पोस्टात गेले. ऑक्टोबरमध्ये व्याजाच्या दिवशी अक्का एकट्याच गेल्या, पासबुक भरून आणलं, वहीत 34,850 लिहिले आणि येताना माझ्याकडे डोकावल्या. मी विचारलं, अण्णा कुठायत?

“शेडवर. थोरलं पोर आज पहिल्यांदा एकट्यानं माग जोडतंय म्हणं. दुपारी जेवायला बी येणार न्हाईत.”